जड धातूंची जमीन पिकांकडून साफ करताना: आधी हिशोब, मग पेरणी

नाल्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षे भाजी पिकवलेल्या मळ्याचा माती-अहवाल हातात येतो. शिसे आणि कॅडमियम यांच्यापुढचे आकडे पाहून घरात शांतता पसरते. मग कुणीतरी मोबाइलवर वाचून सांगतो, "सूर्यफूल लावा, ते सगळं शोषून घेतं. चेर्नोबिलला लावलं होतं."

चेर्नोबिलला सूर्यफूल लावले होते हे खरे. पण तिथे रोपे तराफ्यांवर ठेवून त्यांची मुळे तळ्यातल्या पाण्यात सोडली होती. पाण्यात विरघळलेले किरणोत्सर्गी पदार्थ मुळांनी चटकन पकडले. माती आपला माल इतक्या सहज सोडत नाही. २०११ च्या अणुभट्टी अपघातानंतर फुकुशिमाच्या शेतांत लोकांनी हौसेने सूर्यफूल पेरले, तेव्हा जपानच्या कृषी मंत्रालयाच्या चाचणीत त्या झाडांनी मातीतल्या सीझियमचा साधारण दोन हजारावा भाग उचलल्याचे दिसले. तेच सूर्यफूल पाण्यात वाघ आणि मातीत मांजर ठरले.

म्हणून हा लेख "कोणते झाड लावू?" या प्रश्नापासून सुरू होत नाही. धातू कोणता, माती कोणती आणि तुमच्या हाताशी वर्षे किती, हे तीन प्रश्न आधी सुटले तर पीक आपोआप ठरते. काही वेळा उत्तर असेही येते की पिकाने ही जमीन साफ होणार नाही, तिचा वापर बदलावा लागेल. ते पाचव्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या महिन्यात कळलेले परवडते.

वरून येणारा धातू बंद करा

नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही, आणि इथे तो नळ किती मोठा आहे ते मोजता येते. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी जागतिक अन्न व कृषी संघटनेची शिफारस आहे. समजा तुमचे पाणी बरोबर या मर्यादेवर आहे, म्हणजे कागदोपत्री चालण्यासारखे. वर्षभरात एक मीटर पाणी दिले तर एकरी सुमारे ४० लाख लिटर होते आणि त्याबरोबर ४० ग्रॅम कॅडमियम रानात उतरते. एक चांगले पीक वर्षाला साधारण तेवढेच बाहेर काढते, हे पुढे दिसेलच. म्हणजे मर्यादेतले पाणी देऊनही तुमची बेरीज शून्यच.

शहरी कचऱ्याच्या कंपोस्टचेही तसेच. आपल्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये कॅडमियम किलोला ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. एकरी पाच टन सुके कंपोस्ट टाकले आणि ते मर्यादेच्या काठावरचे असले, तर २५ ग्रॅम कॅडमियम आणि अर्धा किलो शिसे पडते. खताच्या गोणीबरोबर तपासणीचा कागद मागा. शिवाय सांडपाणी प्रकल्पातला गाळ, जवळपास जुन्या बॅटऱ्या फोडणे किंवा वायरी जाळून तांबे काढणे, आणि द्राक्षबागेत वर्षानुवर्षे मारलेले बोर्डो मिश्रण, या सगळ्यांचा विचार करा. बोर्डोतले तांबे वरच्या थरात साचते आणि बाग काढून टाकली तरी तिथेच राहते.

नमुना: घमेले नको

मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्ये धरून बारा गोष्टी असतात. जस्त आणि तांबे तिच्यात दिसते, पण ते पिकाला मिळण्याजोगे, खतमात्रा ठरवण्यापुरते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, निकेल, क्रोमियम तिच्यात नसतात. ते वेगळे सांगून तपासून घ्यावे लागतात.

घमेले बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले असते आणि त्यात माती मिसळली की जस्ताचा आकडा बिघडतो, म्हणून प्लॅस्टिकची बादली घ्या. माती काढायला गंजलेले खुरपे नको. स्टीलचे किंवा लाकडी चालेल. मळा एकच समजून एकच नमुना काढू नका. पाण्याबरोबर गाळ येतो तो दांडाच्या तोंडाशी जास्त बसतो, शेवटच्या वाफ्यात कमी. त्यामुळे तोंडाचा, मधला आणि शेपटीचा असे तीन भाग करा. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन २० सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या, एकत्र करा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. एका ठिकाणी २० ते ४० सेंटिमीटरचा नमुनाही घ्या. धातू खाली उतरला असेल तर उथळ मुळांच्या पिकाचा उपयोग नाही.

आणखी एक नमुना हमखास घ्या: त्याच शिवारातली, तशाच मातीची, पण नाल्याचे पाणी कधीच न लागलेली जागा. जुना बांध, वरच्या अंगाचे कोरडवाहू रान. का ते पुढे येईलच.

प्रयोगशाळेला दोन गोष्टी सांगा: आम्लात विरघळवून काढलेले एकूण प्रमाण आणि डीटीपीए द्रावणाने काढलेले उपलब्ध प्रमाण. पहिला आकडा तिजोरीतला पैसा सांगतो, दुसरा खिशातला. झाड खिशातलाच खर्च करते. सोबत सामू, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी हवीच.

अहवाल वाचताना

आपल्याकडच्या अभ्यासांत एकूण धातूंसाठी ज्या मर्यादा वारंवार वापरल्या जातात त्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये अशा: कॅडमियम ३ ते ६, शिसे २५० ते ५००, निकेल ७५ ते १५०, तांबे १३५ ते २७०, जस्त ३०० ते ६००. गाळ टाकलेल्या शेतजमिनीसाठी युरोपच्या मर्यादा कडक आहेत: कॅडमियम १ ते ३, शिसे ५० ते ३००, तांबे ५० ते १४०.

आता तो बांधावरचा नमुना काढा. दख्खनची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे आणि या खडकातच तांबे, निकेल, क्रोमियम भरपूर असते. कुठलेही सांडपाणी न लागलेल्या काळ्या रानात तांबे शंभराच्या आसपास निघू शकते. युरोपची मर्यादा लावली तर अर्धा महाराष्ट्र प्रदूषित ठरेल. म्हणून मळ्याचा आकडा वजा बांधाचा आकडा, एवढेच तुमचे प्रदूषण. निसर्गाने घातलेले तांबे काढण्याच्या फंदात पडू नका.

सामूकडे नीट पाहा. काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, चिकणमाती जास्त, चुनखडी असते. अशी माती धातू घट्ट धरून ठेवते. खाणाऱ्याच्या दृष्टीने हे बरे, साफ करणाऱ्याच्या दृष्टीने अडचणीचे. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचा सामू ५ ते ६, ती धातू सहज सोडते. तेवढ्याच कॅडमियमवर कोकणातला पालक जास्त दूषित होतो, आणि तीच जमीन पिकाने लवकर साफही होते.

पाटीवरचा हिशोब

एक एकर, २० सेंटिमीटर खोल मातीचे वजन सुमारे १,०५० टन भरते. म्हणजे अहवालातला प्रत्येक १ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे एकरी साधारण १ किलो ५० ग्रॅम धातू. दुसरी बाजू: पिकाचे सुके वजन (किलो) गुणिले त्यातला धातू (मिलिग्रॅम प्रति किलो) म्हणजे एका पिकात बाहेर गेलेला धातू.

शिसे घ्या. जमिनीत ३०० आहे, २०० वर आणायचे. म्हणजे १०५ किलो शिसे काढायचे. मोहरी एकरी तीन टन सुका पाला-काडी देईल आणि उदारपणे त्यात किलोला १०० मिलिग्रॅम शिसे धरले, तरी एका पिकात ३०० ग्रॅम जाते. साडेतीनशे पिके. शिवाजी महाराजांच्या काळात सुरुवात केली असती तर आता कुठे संपत आले असते.

मग मोहरी शिसे काढते हा बोलबाला कुठून आला? १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथे, पूर्वी बॅटरी कारखाना असलेल्या जागेवर, मोहरीचे प्रयोग झाले. तिथे ईडीटीए हे रसायन मातीत ओतून शिसे सुटे केले जात होते. सुटे झालेले शिसे झाड घेते, पण पावसाबरोबर खालीही जाते. ज्याच्या रानात विहीर आहे त्याने हा उद्योग करू नये. कुणी ईडीटीएची पिशवी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एकूण, शिशासाठी पीक हा उपाय नाही. ते जागच्या जागी बांधून ठेवायचे असते, त्याबद्दल शेवटाकडे.

आता कॅडमियम. २ वरून १ वर आणायचे, म्हणजे १ किलो ५० ग्रॅम. एरंडी किंवा सूर्यफुलाचे चार टन सुके वजन आणि किलोला १० मिलिग्रॅम धरले तर पिकामागे ४० ग्रॅम, २६ पिके. वर्षात दोन पिके घेतली तर तेरा वर्षे. लांब आहे, पण माणसाच्या आयुष्यात बसते.

आणि याहून चांगले उदाहरण आहे भाताचे. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतल्या कॅडमियममुळे इताई-इताई हा हाडे ठिसूळ करणारा आजार झाला आणि १९६८ मध्ये सरकारने त्याचे कारण मान्य केले. तिथली शेते माती बदलून दुरुस्त केली. तीन दशकांहून जास्त काळ चाललेले ते काम २०१२ मध्ये संपले. इतका खर्च सगळीकडे शक्य नाही म्हणून तिथल्या संशोधकांनी कॅडमियम अधाशासारखे घेणाऱ्या भाताच्या जाती शोधल्या. चोकोकोकू नावाची इंडिका जात दोन वर्षे लावून २००९ मध्ये जो निकाल प्रसिद्ध झाला त्यात हेक्टरी ८८३ ग्रॅम कॅडमियम निघाले, मातीतले एकूण प्रमाण ३८ टक्क्यांनी घटले आणि पुढच्या खाण्याच्या भाताने घेतलेले कॅडमियम ४७ टक्क्यांनी. आपल्या मापात वर्षाला एकरी सुमारे १८० ग्रॅम. आपल्या एरंडीच्या एका पिकाच्या चौपटीहून जास्त.

यातली गोम पाण्याची आहे. खाचरात पाणी साचलेले असताना कॅडमियम गंधकाशी जोडून बसते आणि विरघळत नाही. पाणी सोडून जमीन उघडी झाली, तिच्यात हवा शिरली की ते मोकळे होते. जपानच्या त्या प्रयोगात सुरुवातीनंतर पाणी काढून टाकले आणि परत भरले नाही. खाण्याचा भात घ्यायचा तर नेमके उलटे: लोंबी येण्याच्या काळात पाणी टिकवायचे. मात्र आर्सेनिक असेल तर सगळा खेळ उलटतो. ते साचलेल्या पाण्यात मोकळे होते.

पीक निवडताना

आधी काय लावू नये ते. मका, ज्वारी, नेपियर गवत भरपूर वजन देतात म्हणून पुस्तकात शिफारस असते, पण आपल्या गावात कडबा गोठ्याबाहेर राहील याची हमी कोण देणार? कापूस अखाद्य म्हणून सुचवतात. सरकीची पेंड म्हैसच खाते. तंबाखू कॅडमियम फार चांगली घेते आणि तेही पानातच साठवते, म्हणजे ते थेट ओढणाऱ्याच्या छातीत. विकायची असेल तर तंबाखू नकोच.

धातू काढण्यासाठी, हलक्या किंवा आम्लधर्मी जमिनीत आणि कॅडमियम-जस्तासाठी:

- रब्बीत मोहरी, एकरी दोन किलोच्या आसपास बी. वाढ झटपट, दोन महिन्यांत कापणीला येते.
- उन्हाळ्यात किंवा खरिपात सूर्यफूल, नेहमीपेक्षा दाट.
- पडीक, मुरमाड तुकड्यावर एरंडी. जनावर तोंड लावत नाही हा तिचा सगळ्यात मोठा गुण.
- कोकणात, पाणी काढता येणाऱ्या खाचरात भात. कोणती स्थानिक जात जास्त घेते हे दोन-चार जातींच्या ओळी लावून, कणसे येताना पाला तपासून ठरवा.

आर्सेनिकसाठी पिकांत फारसे कुणी नाही. त्याचा खरा भोक्ता टेरिस व्हिटाटा हे नेचे. त्याची ही भूक २००१ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी जगापुढे आणली. बहुतेक नेच्यांपेक्षा वेगळे, ते उन्हात आणि चुनखडीच्या जमिनीतही बरे येते.

जमीन साफ होण्याची वाट न पाहता कमवायचे असेल तर दोन चांगले रस्ते आहेत. पहिला सुगंधी गवतांचा: वाळा, गवती चहा, आणि आपल्या खानदेशाला ओळखीचे रोशा गवत. वाफेने तेल काढताना धातू वाफेबरोबर उडत नाहीत, ते चोथ्यात राहतात. पारा तेवढा अपवाद. म्हणजे तेल बाजारात, चोथा वेगळा. फक्त अशा रानातला गवती चहा घरच्या चहात टाकू नका आणि शेजाऱ्यांनाही देऊ नका. दुसरा रस्ता फुलांचा: झेंडू, शेवंती, निशिगंध. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेत फुलझाडांवर असे काम झाले आहे. पण दसऱ्याचे तोरण उतरल्यावर कुठे जाते? गाईपुढे, नाहीतर निर्माल्याच्या खतात. त्यामुळे झेंडूपेक्षा निशिगंध मला जास्त पसंत.

खत आणि पाणी: नेहमीच्या सवयी उलट्या

झाडाला कॅडमियम आणि जस्त यांतला फरक नीट कळत नाही; दोन्ही एकाच दाराने आत येतात. म्हणून धातू काढणाऱ्या पिकाला झिंक सल्फेट देऊ नका, दारात गर्दी नको. नत्र अमोनियम सल्फेटमधून द्या, मुळांजवळ थोडी आम्लता येते. पालाश म्युरिएट ऑफ पोटॅशमधून, कारण त्यातले क्लोराइड कॅडमियमला धरून मुळापर्यंत नेते. जमीन आधीच खारवट असेल तर मात्र हे टाळा. शेणखत बेताचे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत गंधक टाकून सामू उतरवण्याचा सल्ला मिळेल. ती चुनखडी टनावारी गंधक पिऊन टाकते आणि सामू जागचा हलत नाही. तो पैसा वाचवा.

खाण्याचे पीक घ्याल तेव्हा हेच सगळे फिरवा: झिंक द्या, पालाश सल्फेटच्या रूपात द्या, कंपोस्ट भरपूर द्या, आम्ल जमिनीत चुना देऊन सामू ६.५ ते ७ वर आणा.

कापणी पानगळीआधी

सगळ्यात जास्त फुकट जाते ते इथे. धातू पानात जास्त असतो. मोहरीचे दाणे भरेपर्यंत थांबलात तर खालची पाने पिवळी पडून गळतात आणि काढलेला माल परत मातीत जातो. मोहरी भर फुलोऱ्यात, पहिल्या शेंगा धरताना कापा. सूर्यफूल फूल पूर्ण उघडल्यावर. बियाण्याचा मोह सोडावा लागतो, नाइलाज आहे. एरंडीची पाने दर काही दिवसांनी गोळा करावी लागतात. भाताचा पेंढा आणि दाणे दोन्ही बाहेर जायला हवेत, आणि दाणा झडण्याआधी.

जमिनीपासून चार बोटे वर कापा, म्हणजे माती चिकटून येत नाही. सकाळी दव असताना कापले तर धूळ उडत नाही. हातमोजे, तोंडाला रुमाल. लहान मुलांना खेळायला त्या रानात नेऊ नका. शिशाच्या बाबतीत भाजीपेक्षा धुळीने माखलेले हात जास्त धोक्याचे.

दर कापणीला दोन नोंदी ठेवा: पूर्ण मालाचे वाळल्यावरचे वजन, आणि एका नमुन्यातला धातू. नमुना धुऊन वाळवा, नाहीतर पानावरची धूळच मोजली जाईल. हे दोन आकडे गुणले की या हंगामात काय गेले ते कळते. माती मात्र दर दोन वर्षांनी तपासा. त्याआधी तपासलीत तर प्रयोगशाळेच्या चुकीएवढाच फरक दिसेल.

कापलेला माल कुठे जातो

ताडपत्रीवर, छपराखाली वाळवा. ओल्या मालात बहुतेक पाणीच असते, वजन पाचव्या हिश्शावर येते. पण एकरी चार टन सुका पाला उरतोच. तो चुलीत नको, शेताच्या कोपऱ्यात पेटवायला नको, गांडूळखतात नको, गोठ्यात तर नकोच. धूर गाळण्याची सोय असलेल्या भट्टीतच त्याला जाळता येते आणि राख वेगळी ठेवावी लागते. तळोजा, रांजणगावसारख्या ठिकाणी घातक कचरा हाताळणारी केंद्रे आहेत. चंद्रपूरकडे सिमेंटच्या भट्ट्या आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्याच्या कार्यालयात पेरणीआधी जाऊन लेखी विचारा. एकट्या एकरासाठी ट्रक परवडत नाही, त्यामुळे नाल्याकाठच्या दहा-बारा जणांनी मिळून करायचे हे काम आहे. माल न्यायची सोय होणार नसेल तर धातू काढणारे पीक लावूच नका. विखुरलेला धातू गोळा करून अंगणात रचून ठेवण्यापेक्षा तो रानात बरा.

शिसे असेल, किंवा हिशोब जुळत नसेल तर

मग धातू हलू न देणे हेच काम. कंपोस्ट भरपूर, सुपर फॉस्फेट (फॉस्फेट शिशाला घट्ट बांधते), आम्ल जमिनीत चुना, आणि माती वर्षभर झाकलेली: वाळा, बांबू, किंवा शोभेच्या झाडांची रोपवाटिका. वाळ्याची मुळे खोल जातात आणि पावसात माती नाल्यात जाऊ देत नाहीत.

खाण्याच्या पिकाकडे परत

परतायचा क्रमही ठरलेला आहे. आधी फळभाज्या: टोमॅटो, वांगी, भेंडी, वेलवर्गीय भाज्या. फळापर्यंत धातू कमी पोचतो. मग धान्य. कंद नंतर, आणि पालक, माठ, मेथी, शेपू सगळ्यात शेवटी. मुंबईत रेल्वेरुळांलगत नाल्याच्या पाण्यावर नेमक्या याच पालेभाज्या वर्षानुवर्षे पिकवल्या गेल्या, कारण त्या महिन्याभरात पैसे देतात.

पहिल्या पिकाची तपासणी केल्याशिवाय बाजारात नेऊ नका. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) मर्यादा: पालेभाजीत कॅडमियम ०.२, शिसे ०.३, पॉलिश केलेल्या तांदळात कॅडमियम ०.४ मिलिग्रॅम प्रति किलो. पालेभाजीचा आकडा ताज्या वजनावर असतो. प्रयोगशाळेने सुक्या वजनावर दिला असेल तर पालकासाठी साधारण दहाने भागा.

हे सगळे अहवाल एका फाइलमध्ये, तारखेने लावून, वाफ्यांच्या नकाशासकट ठेवा. रान वाट्याने द्याल तेव्हा नव्या वाटेकऱ्याला ती फाइल पहिल्याच दिवशी दाखवा. पालक लावायची घाई त्यालाच जास्त असते.